श्रीलंकेचे आठ दिवस आणि अर्धा डोंगर



आम्ही नवरा-बायको श्रीलंकेला जाऊन आलो हे कळल्यापासून भेटेल तो तीन प्रश्न विचारतो. पहिला, आधी उमरा केलात का? दुसरा, तिथं खाल्लंत काय, हलालचं कसं? तिसरा प्रश्न बहुतेक बायका विचारतात आणि तोही जरा हळू आवाजात. दोघंच गेलात? मुलगा-सून नाही, ग्रुप नाही, दोघंच? मग आठ दिवस एकमेकांशी बोललात तरी काय? या महिन्यात तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथंच देऊन टाकते, म्हणजे दर शादीच्या मांडवात पुन्हा सांगायला नको.

उमऱ्याचं आधी. त्याचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत आणि त्याला आम्ही हात लावलेला नाही. इन्शाअल्लाह, बुलावा येईल तेव्हा जाऊच. श्रीलंकेचा खर्च निघाला तो ह्यांना एस.टी.तून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या थकबाकीतून. तीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस, पण स्वतः कधी रत्नागिरी-मुंबईपलीकडे फिरला नाही. कुरआनात जमिनीवर फिरा, डोळे उघडून पाहा, ही शिकवण पुन्हा पुन्हा येते. ती काय फक्त व्यापाऱ्यांसाठी आणि तरुणांसाठी आहे? सासूबाई आठ दिवस नणंदेकडे राहिल्या, आणि आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत, रमजानच्या आधी, निघालो. त्या दिवसांत भारतीयांना श्रीलंकेच्या व्हिसाचं शुल्क माफ होतं. मुंबईहून कोलंबो विमानानं अडीच तासांच्या आसपास. घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण पावणेचार रुपये मिळत होते. साध्या खोल्या, रेल्वे आणि बस असा प्रवास केला, म्हणून दोघांचं सगळं मिळून लाखाच्या आत भागलं.

कोलंबोत पहिलाच दिवस जुम्म्याचा आला. पेट्टा नावाचा जुना बाजार आहे, आपल्या भेंडीबाजारासारखा. कापडाची, भांड्यांची, मसाल्यांची दुकानं आणि हातगाड्यांची गर्दी. त्यात एकदम समोर उभी राहते लाल-पांढऱ्या विटांच्या पट्ट्यांची जामिउल अल्फार मशीद. १९०९ साली बांधून झालेली. लोक तिला नुसतं लाल मशीद म्हणतात. तिचे घुमट डाळिंबासारखे दिसतात. हे नमाजला गेले आणि मी समोरच्या कापडवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसले. नमाजनंतर दुकानदारानं ह्यांना हाक मारली, “नाना, चहा घ्या.” मी चकित. आमचा नातू ह्यांना नाना म्हणतो, पण हा साठीचा माणूस? मग कळलं की तिथल्या मुसलमानांत थोरल्या भावाला ‘नाना’ म्हणतात, वडिलांना ‘वाप्पा’ आणि आईला ‘उम्मा’. त्यांची बोली तमिळ. दहा माणसांत साधारण एक मुसलमान, असा तो देश. सिंहली लोकांतही थोरल्या बहिणीला ‘अक्का’च म्हणतात. त्यामुळे पुढचे आठ दिवस मी बाजारात अक्का आणि हे नाना. परका देश निम्मा तिथंच ओळखीचा झाला.

आता खाण्याचं. कोकणातल्या बाईला श्रीलंकेत उपाशी राहायचं म्हटलं तरी जमणार नाही. नारळ, तांदूळ, मासळी, फणस, सगळं आपलंच. कँडीला आम्ही एका मुस्लिम कुटुंबाच्या घरी पैसे देऊन दोन दिवस राहिलो. त्या घरच्या उम्मानं सकाळी तांदळाच्या शेवया वाढल्या. आपले शिरवाळे जसे, तसेच, फक्त गुळाच्या रसाऐवजी सोबत झणझणीत ओल्या खोबऱ्याची चटणी. तिला ते पोल संबोल म्हणतात. ‘पोल’ म्हणजे नारळ. कोवळ्या फणसाची भाजी होती, आपण कुयरीची करतो तशी. माशाच्या कालवणात काळं, वाळलेलं आंबट काहीतरी होतं. मी चाखून म्हटलं, आमसूल! त्यांनी डबा आणून दाखवला. त्याला ते गोरका म्हणतात. आपल्या कोकमाचंच भावंड ते.

रात्री त्यांनी वाटलप्पम केलं. नारळाचं दूध, अंडी, वेलची आणि काळसर गूळ घालून वाफवलेलं. ईदला तिथं मुसलमानांच्या घरोघरी होतं. गूळ उसाचा नव्हता, कितूल नावाच्या झाडाचा होता. झाड दाखवल्यावर हे म्हणाले, “हा तर आपला भेर्ली माड!” आपल्याकडे हा माड परसात नुसता उभा असतो. त्या माणसांनी त्याच्या रसाचा गूळ करून ईदचा गोड पदार्थ उभा केला. ज्यांना हलालची काळजी असेल त्यांना सांगते, शहरांत मुस्लिम खानावळी सहज सापडतात. जिथं शंका वाटली तिथं आम्ही भात, डाळ आणि भाज्या खाल्ल्या. फक्त भाजीतही सुकी मासळी घालतात, तेवढं मासळी न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

उम्माशी माझं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी चालायचं. २०२२ साली त्या देशाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा पेट्रोल आणि गॅससाठी दिवस-दिवस रांगा लागायच्या. उम्मा म्हणाल्या, अंगणात तीन विटा मांडून कित्येक महिने लाकडांवर स्वयंपाक केला. तोच कोपरा मला दाखवला, विटा अजून काळ्या आहेत. मी म्हटलं, आमच्या माहेरीही चूल होती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमची गेली, आमची परत आली. ज्यांच्यावर असे दिवस येऊन गेले, त्यांनी आम्हाला निघताना वाटलप्पमचा डबा बांधून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्याच घरात मला एक गोष्ट नव्यानं कळली. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरच्या मुसलमानांना हाकललं, तेव्हा कँडीचा बौद्ध राजा सेनारत यानं १६२६ मध्ये सुमारे ४,००० जणांना आपल्या राज्यात पूर्वेकडे जमीन देऊन वसवलं. आजही त्या भागात मोठी मुस्लिम वस्ती आहे. शेजाऱ्यांत पुढे कडू प्रसंगही घडले. ते उम्मांनी थोडक्यात सांगितले आणि विषय बदलला. पण राजाची गोष्ट मात्र त्यांनी सविस्तर सांगितली, जणू काल घडली असावी.

आता डोंगराकडे येते. श्रीलंकेच्या मधोमध २,२४३ मीटर उंचीचं टोकदार शिखर आहे. सिंहली लोक त्याला श्रीपाद म्हणतात, इंग्रजांनी नाव दिलं ॲडम्स पीक. माथ्यावरच्या खडकात पावलाच्या आकाराचा मोठा खळगा आहे. बौद्ध म्हणतात ते बुद्धाचं पाऊल, हिंदू म्हणतात शंकराचं. आणि जुने अरब खलाशी म्हणत, हजरत आदम अलैहिस्सलाम जन्नतमधून उतरले ते इथं, सरनदीपच्या डोंगरावर. हव्वा अलैहस्सलाम उतरल्या जिद्दाला, आणि दोघांची भेट पुढे अरफातच्या मैदानात झाली, अशी ती कहाणी. हे लक्षात ठेवायला हवं की कुरआनात त्या उतरण्याच्या जागेचं नाव नाही. ही लोकांत चालत आलेली गोष्ट आहे, अकीद्याचा भाग नाही. आम्हीही तिथं जियारतला निघालो नव्हतो. मला तो डोंगर पाहायचा होता तो इब्न बतूतामुळे. आपल्या दौलताबादेवरून गेलेला हा मोरोक्कोचा प्रवासी १३४४ मध्ये मालदीवहून इथं आला आणि हा डोंगर चढला. वर जाताना कड्यावर लोखंडी साखळ्या धरून चढावं लागे. त्यांतल्या शेवटच्या साखळीला लोक शहादतची साखळी म्हणत, असं त्यानं लिहून ठेवलंय. कारण तिथून खाली नजर गेली की भीतीनं माणसाच्या तोंडी कलमा येई.

कँडीहून रेल्वेनं हॅटन. ही रेल्वे म्हणजे खिडकीशी बसून पाहण्याची गोष्ट. दोन्ही बाजूंना चहाचे मळे. या देशात चहाची पहिली मोठी लागवड १८६७ मध्ये जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं केली. त्याआधी इथं कॉफी होती, ती रोगानं गेली. मळ्यांत पानं खुडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ, कपाळावर पट्टा आणि पाठीला झोळी. हॅटनहून डोंगराच्या पायथ्याला, नल्लतण्णीला जायला आम्ही एक खासगी मिनीबस पकडली. अर्ध्या वाटेत ती घाटात बंद पडली. फॅनबेल्ट तुटला होता. ड्रायव्हरकडे दुसरा बेल्ट होता, पण गंजलेला बोल्ट काही सुटेना. दोन पोरं पान्याला लोंबकळून थकली. हे खिडकीतून पाहत होते. मग उठले, बाह्या सरसावल्या, खाली उतरले. ह्यांना सिंहलीचा एक शब्द येत नाही, ड्रायव्हरला हिंदीचा. पण पाना कसा धरायचा, बोल्टला रॉकेल किती वेळ लावून ठेवायचं आणि हातोडीचा हलका ठोका कुठून द्यायचा, याला भाषा कुठं लागते? अर्ध्या तासात बस सुरू झाली. ड्रायव्हरनं ह्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि पायथ्यापर्यंत दोघं आपापल्या भाषेत गप्पा मारत राहिले. रस्त्यानं लाल सरकारी बस दिसली की हे वळून मला सांगत, “अशोक लेलँड! आपलीच!” त्यांचा तो चेहरा मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिला.

हा डोंगर रात्री चढतात, म्हणजे उजाडताना माथ्यावर पोचता येतं. पायऱ्या ५,००० च्या वर. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या पौर्णिमेपर्यंत हंगाम असतो, तेव्हा वाटभर दिवे आणि चहाची दुकानं असतात. आम्ही पहाटे दोनला निघालो. कडेवर बाळं घेतलेल्या आया, मुलांच्या खांद्याचा आधार घेतलेल्या म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं, सगळे चढत होते. समोरून येणारा अनोळखी माणूसही ‘करुणावै’ म्हणे. त्यात करुणा हा शब्द ओळखीचा. घरी हे रस्त्यानं माझ्यापुढे दहा पावलं चालतात. इथं माझ्या गुडघ्यामुळे एक पायरी मागे राहिले, हात पुढे धरून.

दोन तासांनी माझा गुडघा नाही, हे थांबले. कठड्याला धरून खाली बसले. थंडीतही चेहरा घामानं भिजलेला, हात थरथरत होते आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धड येईना. ह्यांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. जेवण संध्याकाळी सातला झालेलं, गोळी घेतलेली आणि त्यावर एवढी चढण. साखर उतरली हे मला कळलं, पण कळणं वेगळं आणि परक्या मुलखात, काळोखात, डोंगराच्या मध्यावर ते निस्तरणं वेगळं. इब्न बतूताची ती साखळी मला तिथं समजली. माझ्याही तोंडी कलमा आला.

पर्समध्ये खजूर होते. दोन खजूर चावून खायला लावले. वरच्या चहाच्या दुकानातली बाई धावत आली. तिनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या, आणि ह्यांना बाकावर आणून बसवलं. तिनं आल्याचा चहा दिला, भरपूर साखरेचा, आणि वर हातावर गुळाचा खडा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी घाम थांबला, शब्द सरळ झाले. पहिलं वाक्य काय, तर “तू वर जा, मी इथं बसतो.” मी म्हटलं, “अहो, मी काय शिखराशी निकाह लावलाय?”

आम्ही वर गेलो नाही. माथा तिथून दिसत होता, दिव्यांची माळ त्याच्यापर्यंत गेलेली. फजरची वेळ झाली तेव्हा दुकानातल्या बाईला मी खुणेनं जागा विचारली. तिनं मागच्या बाजूला पोती सारून चटई अंथरून दिली. मोबाईलवर किब्ला पाहिला, पश्चिमेला थोडा उत्तरेकडे. ह्यांनी बसून नमाज अदा केली.

मग उजाडेपर्यंत आम्ही त्या बाकावर बसलो. आणि तेव्हा हे बोलले. म्हणाले, “निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. घरात नळ बिघडला तरी मुलगा मोबाईलवरून माणूस बोलावतो. काल त्या ड्रायव्हरनं मला विचारलं. बोल्ट सुटला तेव्हा मला रडू येत होतं.” एकोणतीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरी दोन वर्षं मी समजत होते की निवृत्तीनंतर स्वभाव चिडका झाला, आणि तसंच सगळ्यांना सांगत होते. मग मीही बोलले. सासूबाईंच्या आजारपणात रात्री मी एकटी जागत होते, तेव्हा मला काय वाटायचं ते. दोघांनीही एकमेकांना उत्तर दिलं नाही. नुसतं ऐकलं. खालच्या मौसाकेले तलावावर ऊन आलं तेव्हा आम्ही उठलो. सूर्योदयाला या शिखराची त्रिकोणी सावली पलीकडच्या ढगांवर पडते म्हणतात. ती आम्हाला दिसली नाही, त्यासाठी माथाच गाठावा लागतो.

पुढचे दिवस आम्ही जपून फिरलो. एल्ला गावाजवळ नऊ कमानींचा रेल्वेपूल आहे, १९२१ सालचा, दगड, वीट आणि सिमेंटचा, पोलाद न वापरता बांधलेला. हे त्याच्याखाली तासभर उभे राहून कमानी मोजत होते. गॉलच्या किल्ल्यात दीपगृहासमोर पांढरी मीरान मशीद आहे. लांबून चर्चच वाटते, जवळ गेल्यावर अरबी अक्षरं दिसतात. संध्याकाळी तटावर बसून समुद्र पाहिला. समोरचं पाणी आणि रत्नागिरीचं पाणी एकच, असं मी म्हटलं, तर हे म्हणाले, “मग एवढा खर्च कशाला केला?” म्हणजे तब्येत ठीक होती, अल्हम्दुलिल्लाह.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. आपल्या घरांत नवरा-बायको एकमेकांशी बोलतात ते बहुतेक किराणा, फी, औषध आणि कुणाच्या लग्नात किती आहेर यावर. प्रेम नसतं असं नाही. पण घरात कुणी ना कुणी सतत असतं, काम सतत असतं, आणि मनातलं बोलायला जागाच उरत नाही. परमुलखात दोघांनाही भाषा येत नाही, रस्ता ठाऊक नसतो. तिथं थोरला कुणी नसतो आणि धाकटंही. एकमेकांशिवाय कुणाचा आधार नसतो, म्हणून एकमेकांकडे पाहिलं जातं. त्यासाठी श्रीलंकाच हवी असं नाही. दापोली किंवा महाबळेश्वरही चालेल. पण दोघंच जा, आणि गुडघे साथ देतायत तोवर जा.

ज्यांना श्रीलंकेला जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पौर्णिमेला तिथं पोया म्हणतात, सरकारी सुट्टी असते आणि मांसाची दुकानं बंद असतात. श्रीपादवर त्या रात्री फार गर्दी होते, ती टाळा. मुसाफिरीत चार रकात फर्जच्या दोन होतात, त्याचे मसले निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. पातळ जानमाज आणि पासपोर्टच्या झेरॉक्स दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चढणीआधी डॉक्टरांना विचारा, रिकाम्या पोटी चढू नका, आणि खजुराची पुडी बायकोच्या पर्समध्ये एक आणि नवऱ्याच्या खिशात एक, अशा दोन ठेवा.